फ्यूजचा पंजा

माझे सासरे छत्तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत होते आणि राहिले मात्र कायम लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरून कोणी चेष्टा केली की म्हणतात, "घरी तरी त्या बयेचं तोंड दिसू नये." आमच्या गल्लीत सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणतात. उंची बेताची, मिशी पांढरी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी टेस्टर खिशातून गेलेला नाही. एकदा तो माझ्याकडून शर्टासकट धुतला गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर खिसे तपासल्याशिवाय मी त्यांचा एकही कपडा भिजवलेला नाही.

माणूस भयंकर चिवट. आता मी हे कौतुकाने सांगते, पण लग्न होऊन आले तेव्हा माहेरी जाऊन हेच रडगाणं गायचे. घरातला पंखा खडखडला तर दुसरा कोणी पाच ठिकाणी स्क्रू आवळून मोकळा होईल. हे एक स्क्रू आवळणार आणि दिवसभर थांबणार. खडखड तशीच असेल तर तो पुन्हा होता तसा करणार आणि दुसऱ्याला हात घालणार. तोवर आम्ही घामाघूम. काही बोललं की उत्तर ठरलेलं असायचं. "लिफ्ट मधेच थांबली तर पाच कारणं असतात. उतावळा माणूस पाचही बदलतो आणि चालू झाली म्हणून निघून जातो. तीन महिन्यांनी ती पुन्हा थांबते. मग त्याला विचारा, काय बिघडलं होतं? सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ नाहीतर फुलांचा गुच्छ घेऊन घरी येतात. हे कुत्रा घेऊन आले, हत्यारांच्या पिशवीतून. शेवटच्या इमारतीत नवव्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं होतं आणि जाताना कुत्रा पहारेकऱ्याच्या गळ्यात मारून गेलं होतं. पांढरा, जातीचा काही पत्ता नाही, वजन जेमतेम पाच किलो आणि त्यातले दोन किलो केसांचे असावेत. शेवटचे तीन दिवस तो म्हणे यांच्याबरोबर लिफ्टमधून वरखाली करत होता.

"हे काय?" मी दारातच विचारलं.

"फ्यूज," सासरे म्हणाले. "छोटा आहे आणि पटकन उडतो."

मला कुत्रा नको होता आणि मी ते मोठ्याने सांगितलं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसते. आठ तास लोकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन भुंकणं ऐकायचं, हे कोणी सांगितलंय? माझ्या नवऱ्याने, त्याच्या सवयीप्रमाणे, माझंही बरोबर म्हटलं आणि बाबांचंही बरोबर म्हटलं. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून दिवसाला वीस शब्द निघत असतील. फ्यूज आल्यावर ते सकाळपासून त्याच्याशी गप्पा मारू लागले. तेव्हा मी तोंड आवरलं. पण मला तो आवडत नाही, हे मी आल्यागेल्याला सांगत राहिले.

खरी गोष्ट सुरू होते ती तीन वर्षांनी, जेव्हा फ्यूज स्वतःचे पंजे खायला लागला. आधी नुसतं चाटणं. मग पुढच्या दातांनी बोटांमधली कातडी कुरतडणं. टीव्ही बंद असला की घरभर तो चपचप आवाज. पांढरे पंजे गंजल्यासारखे तांबूस झाले, कारण थुंकीने पांढऱ्या केसांचा रंग तसा होतो. बोटांमधली जागा लालभडक, सुजलेली, आंबूस वासाची. पोटावरही पुरळ. एके दिवशी तो उजवा पंजा उचलून तीन पायांवर जिना चढला आणि सासऱ्यांचा चेहरा उतरला.

आणि मग त्या चिवट, शिस्तीच्या माणसाने जे केलं ते त्यांना आजही कोणी आठवण करून दिलेलं आवडत नाही. एका आठवड्यात त्यांनी सगळं केलं. समोरच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून पंजांना तेल. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने सांगितलं म्हणून पावडर. माझा शाम्पू, तोही महागातला, न विचारता. तान्ह्या बाळांचे मोजे आणून चारही पायांत घातले, तर फ्यूज गुळगुळीत फरशीवर घसरून कपाटावर आदळला. फरशी पुसायच्या पाण्यात जंतुनाशक दुप्पट. जेवण बदललं, अंथरूण बदललं, फिरायचा रस्ता बदलला. आठव्या दिवशी पंजातून रक्त आलं.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याहून लहान, पण आवाजात जरब. तिने पंजा भिंगाखाली धरला आणि विचारलं, "काय काय लावलंत?" सासऱ्यांनी यादी सांगितली. ती सगळी ऐकून घेऊन ती म्हणाली, "यातल्या कशाने वाढलं, सांगता येईल?"

घरी जिना चढताना सासरे दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि मला म्हणाले, "हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलो. आज त्या पोरीने मला विचारला आणि माझी बोबडी वळली."

त्याच दुपारी त्यांनी चंग बांधला. कपाटातून एक कोरी वही निघाली. आत रकाने आखले गेले, जसे ते लिफ्टच्या बिघाडाच्या वहीत आखायचे. तारीख, काय बदललं, काय झालं. शिवाय रोज दुपारी चार ते पाच हा माणूस फ्यूजसमोर खुर्ची टाकून बसणार आणि तो जितक्यांदा पंजाकडे वळेल तितक्या उभ्या रेघा मारणार. पहिल्या दिवशी त्रेचाळीस रेघा झाल्या.

मग एकेक कारण काढायला सुरुवात झाली. आधी पिसवा. डॉक्टरणीने बारीक दातांच्या फणीने सगळं अंग विंचरून पाहिलं, एकही सापडली नाही, तरी औषध दिलं. मग कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे नाहीत. मग पंजाला चिकटपट्टी लावून काढली, तर तिच्यावर बुरशी आणि जंतू दोन्ही. त्यासाठी औषधी शाम्पू आला. तो लावून घड्याळ लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग कोमट पाण्याने धुवायचा आणि प्रत्येक बोटाची फट कोरडी करायची. ओल राहिली की सगळं मुसळ केरात. सासरे त्याला मोरीत उभं करून दहा मिनिटं लिफ्टच्या गोष्टी सांगायचे. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, त्यामुळे फ्यूजला चाटता यायचं नाही आणि दारातून जाताना तो दर वेळी चौकटीला अडकायचा.

रेघा तेहतीसवर आल्या. पंधरा दिवसांनी शाम्पू कमी केला, तर पुन्हा चाळीस.

"बुरशी नंतर येते," डॉक्टरीण म्हणाली. "आधी खाज, मग चाटणं, मग ओल, मग बुरशी. खाज कशाने येते ते शोधायला हवं."

मग तीन आठवडे फरशी नुसत्या पाण्याने. इतक्या बुटक्या कुत्र्याचं पोट फरशीला घासतच जातं, म्हणून. फरक नाही. मग तीन आठवडे बाहेरून आलं की पंजे धुवून पुसायचे, गवत आणि धूळ जावी म्हणून. रेघा दोन-तीनने कमी. "हे चालू ठेवायचं," सासऱ्यांनी वहीत लिहिलं, "पण हे मूळ नाही."

उरलं खाणं. डॉक्टरणीने नीट समजावलं. फ्यूजने आजवर कधीही न खाल्लेलं एकच मांस आणि एकच कंद द्यायचा, आठ आठवडे. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती, म्हणून मासळी आणि रताळं ठरलं, उकडलेलं, मिठाशिवाय. बाकी काही म्हणजे काही नाही. बिस्कीट नाही, हाड नाही, चवीची गोळीसुद्धा नाही. "एक घास गेला तरी आधीचे दिवस वाया," ती म्हणाली. "आणि लगेच फरक पडत नाही, धीर धरायला लागेल."

"धीराचं मला सांगू नका," सासरे म्हणाले. "मी दोराला लटकून धीर धरलाय."

घरी येऊन त्यांनी फ्यूजच्या ताटलीवर खिळ्याला एक जुना पत्र्याचा फलक अडकवला, लाल अक्षरांचा. 'काम चालू आहे. हात लावू नये.' लिफ्टच्या कामात हा फलक मेन स्विचवर लावून मगच माणूस आत उतरतो, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा असतो. त्यांची करंगळी गेली ती त्यामुळेच. ते वर दोरांच्या चाकापाशी होते आणि खाली कोणीतरी फलक बाजूला सारून स्विच वर केला. दोन सेकंदांसाठीच, पण तेवढ्यात चाक फिरलं. लगेच पुन्हा खाली केला. कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. चौघे होते, चौघांनीही कानांवर हात ठेवले. हे सांगताना सासरे बोटाबद्दल फारसं बोलत नाहीत. म्हणतात, "आमच्या कामात चूक माफ असते. चुकून हात लागतो माणसाचा. पण लागला तर त्याच क्षणी ओरडून सांगायचं, मी लावला. गप्प बसणाऱ्याबरोबर मी पुन्हा कधी लिफ्टच्या विहिरीत, शाफ्टमध्ये, उतरलो नाही."

आता माझ्याकडे येते, कारण यायलाच हवं.

सकाळी साडेसहा ते सात हा अर्धा तास माझा. नवरा झोपलेला, सासरे फिरायला गेलेले. सकाळी फ्यूजला न नेता ते एकटेच झपाझप चालून येतात. मी स्वयंपाकघरात चहा आणि लोणी लावलेला टोस्ट घेऊन बसते. दिवसभरात कोणी माझ्याकडे तक्रार करत नाही असा तेवढाच वेळ. फ्यूज आला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात तो त्या वेळी माझ्या पायाशी येऊन बसायला लागला. भुंकणं नाही, मागणं नाही, नुसता बसायचा. एकदा त्याला घालवायला म्हणून मी टोस्टचा कोपरा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. मग रोजचंच झालं. तीन वर्षं रोज. कोणाला कशाला सांगू? मला कुत्रा आवडत नव्हता ना!

आठ आठवडे सुरू झाले त्या सकाळी मी खरंच ठरवलं होतं की द्यायचं नाही. तो भोंगा घालून आला, भोंग्याची कड माझ्या घोट्याला टेकवून बसला आणि वर बघायला लागला. बिचारा, मिठाशिवायचं रताळं नशिबी आलेला. एवढासा कोपरा, नखाएवढा. याने काय होणार आहे? पंजा खाजतो गवताने, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हाताऱ्याचं आपलं खूळ आहे. आणि फलक ताटलीवर होता. मी ताटलीला हात लावलाच नव्हता. तक्रारींच्या टेबलावर बसून बसून माणूस असा वकिली विचार करायला शिकतो.

रोज दुपारी सासरे रेघा मारत होते. एकोणचाळीस. एक्केचाळीस. चाळीस. सहा आठवडे.

बेचाळिसाव्या दिवशी दवाखान्यात मीही गेले, कारण नवऱ्याला त्या रविवारीही कामावर जायचं होतं आणि पंजा धरायला दुसरा माणूस हवा होता. डॉक्टरणीने वही पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आत्तापर्यंत थोडा तरी उतार दिसायला हवा होता. काही तोंडात गेलं का? आठवून बघा. रस्त्यावरचं, पाहुण्यांनी दिलेलं, घरातल्या कोणी?"

"घरातलं कोणी नाही," सासरे म्हणाले. "मुलगा विसराळू आहे, त्याला मी ताटलीच्या जवळ येऊ देत नाही. आणि सुनेचं म्हणाल तर तिला हा आवडत नाही, पण ती शब्दाची पक्की आहे. तिची हमी मी देतो."

फ्यूज माझ्या हातात होता. त्याचा पंजा माझ्या मुठीत होता, गरम आणि सुजलेला. मी बोलायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी. मी मूग गिळून बसले.

डॉक्टरीण म्हणाली, आठ आठवडे पूर्ण करा, पण बहुधा खाणं नसावं. हवेतलं काही असू शकतं, घरातली धूळ, भिंतीतली ओल. त्यावर औषधं आहेत, पण ती बहुतेक जन्मभर घ्यावी लागतात. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा म्हणाले, "दोन आठवडे आहेत. त्यात उतार नाही पडला तर हे घरच त्याला मानवत नाही असं धरायचं. ताईकडे पाठवू. तिचं घर नवं आहे, कोरडं आहे, अंगण आहे. मी बोललोय तिच्याशी. छप्पन्नाव्या दिवशी रविवारच आहे, तेव्हा येईल न्यायला."

ताई म्हणजे माझी नणंद, शहराबाहेर राहते, गाडीने तीन तासांवर.

"बाबा, तुम्हाला करमणार आहे का?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"माझ्या करमण्यासाठी त्याने पंजे खायचे का?" म्हणून ते उठले आणि ताट स्वतः विसळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी टोस्ट बंद केला. वाटलं, चूक गुपचूप दुरुस्त करू, दोन आठवड्यांत उतार पडेल, कोणाला काही कळायचं कारण नाही. पण डॉक्टरणीचे शब्द मीच ऐकले होते. आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत काय होणार? फ्यूज रोज सकाळी येऊन बसायचा आणि मी कोरडा चहा प्यायचे. मला माझाच राग यायचा आणि मी तो नवऱ्यावर काढायचे. एकदा तर कार्यालयात पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईंना म्हणाले, "अहो, वेळेवर सांगायला काय होतं तुम्हाला?" त्या बिचाऱ्या वेळेवरच आल्या होत्या.

रविवार आला. नणंद अकराला पोचली, मागच्या सीटवर नवी गादी, नवी ताटली, सगळी तयारी करून. चांगल्या मनाची आहे ती, तिचा काही दोष नाही. सासऱ्यांनी फ्यूजला आंघोळ घालून, बोटांच्या फटी कोरड्या करून ठेवलं होतं. मासळी आणि रताळ्याचे चार डबे बांधले होते. शाम्पूच्या बाटलीवर 'दहा मिनिटं' असं लिहून ठेवलं होतं. मग ते नणंदेला पंजा कसा पुसायचा ते दाखवायला खाली बसले. अर्ध्या करंगळीच्या हाताने त्यांनी एकेक बोट उलगडून दाखवलं. "इथे ओल राहते. इथे. आणि हे मागचं बोट लोक विसरतात, ते विसरायचं नाही." तेवढं बोलून त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

"मी लावला," मी म्हणाले.

कोणालाच कळलं नाही. नणंद म्हणाली, "काय गं?"

"मी त्याला टोस्ट देत होते. रोज सकाळी. लोणी लावलेला. आठ आठवड्यांतले सहा आठवडे. बाबा, मी दिला. डॉक्टरणीने विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

सासरे उठले. माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, तू? तुला तर तो..." आणि पुढचं त्याने गिळलं. नणंद फ्यूजला मांडीवर घेऊन बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले, अगदी शेंबूड येईपर्यंत. या माणसाने माझी हमी दिली होती. या घरात आता ते माझ्या हातचा चहासुद्धा विश्वासाने पिणार नाहीत असं मला वाटत होतं, आणि ते योग्यच झालं असतं.

पाच-सात मिनिटांनी दार उघडलं. त्यांच्या हातात वही होती, नाकावर चष्मा.

"कोणत्या दिवशी थांबवलास?"

"दवाखान्यात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"त्रेचाळीस," म्हणत त्यांनी रकान्यावरून बोट खाली नेलं. "नक्की? मधे एखादा तुकडा?"

"नाही. शपथ."

"शपथ नको, दिवस सांग. कोपरा केवढा?"

मी नखाची खूण केली. मग खरं बोलायचंच तर सगळंच म्हणून दोन बोटांची केली.

त्यांनी वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली. "इकडे या सगळे. हे बघा. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. इथपर्यंत असंच. आता सेहेचाळिसाव्या दिवसापासून बघा. अडतीस. छत्तीस. छत्तीस. तेहतीस. परवा एकोणतीस. काल अठ्ठावीस." बोट तिथेच ठेवून ते म्हणाले, "मी डोकं आपटून घेतलं की हे का उतरतंय. मी काहीच बदललेलं नाही आणि आकडा उतरतोय! मला वाटलं, जीव लागलाय म्हणून माझ्याच रेघा चुकतायत. म्हणून मी हे कोणाला दाखवलं नाही."

"म्हणजे, बाबा?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे आज छप्पन्नावा दिवस नाही. आज चौदावा आहे." त्यांनी चष्मा काढला. "ताई, तू जेवून जा. डबे इथेच राहू देत."

मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, रागावलोय मी. फार. तो अजून उतरायचाय, एवढ्यात माझ्याशी बोलायला येऊ नकोस." मग वही मिटत ते म्हणाले, "माझ्या त्या चौघांतला एकजण बावीस वर्षांत आला नाही सांगायला. तू दोन आठवड्यांत आलीस. पुढचे सहा आठवडे सकाळची पाळी तुझी. तूच सांभाळायचंस."

आणि ते फिरायला जाण्याची वेळ न बदलता रोज तसेच साडेसहाला घराबाहेर पडत राहिले. मला एकटीला त्याच्यासमोर सोडून. लक्ष ठेवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. बेचाळीस सकाळी फ्यूज माझ्या पायाशी बसला आणि बेचाळीस सकाळी मी त्याला काही दिलं नाही. मी टोस्ट खायचंच सोडलं. तो वर बघायचा तेव्हा मी खाली वाकून त्याचा पंजा हातात घ्यायचे आणि बोटं उलगडून बघायचे. हळूहळू कातडी लालची गुलाबी झाली, सूज गेली, आंबूस वास गेला. नवे केस मुळाशी पांढरे यायला लागले आणि तांबूस टोकं वर सरकत गेली. सासऱ्यांचा राग दहाव्या दिवशी उतरला. "चहात आलं जास्त झालं," एवढंच म्हणाले, पण माझ्याशी म्हणाले. नव्या मोजणीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी भोंगा निघाला. शेवटच्या आठवड्यात रेघा होत्या चार, तीन, चार, दोन.

मी म्हटलं, झालं, सुटलो. पण तो माणूस सुटू देईल तर ना!

"अजून काही सापडलेलं नाही," सासरे म्हणाले. "बिघाड पुन्हा आणून दाखवता आला तरच तो सापडला म्हणायचा. नाहीतर ऋतू बदलला म्हणूनही बरं वाटलं असेल." डॉक्टरीणही तेच म्हणाली. जुनं खाणं एकेक करून पुन्हा द्यायचं आणि बघायचं. आणि दोन गोष्टी एकदम द्यायच्या नाहीत, म्हणून आधी कोरडा पाव, मग लोणी.

"मी नाही देणार," मी म्हणाले. "आत्ता कुठे तो सुखाने झोपायला लागलाय. मुद्दाम खाजवायला लावायचं त्याला?"

"मी देतो," म्हणून सासऱ्यांनी कोरड्या टोस्टचा कोपरा पुढे केला. फ्यूजने वास घेतला. शेपूट हलवली. मग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. तो तसाच बसून राहिला, तुकड्याला तोंड लावेना. सासऱ्यांनी तुकडा माझ्या हातात दिला. माझ्या हातून त्याने तो लगेच खाल्ला.

दोन आठवडे कोरडा पाव, काही झालं नाही. मग लोणी लावलेला. तोही मीच दिला, रोज सकाळी, उघड, सासरे फिरून आल्यावर त्यांच्या देखत. तिसऱ्या दिवशी दुपारी चप, चप आवाज आला आणि सासरे खुर्चीतून ताडकन उठले. "लोणी!" ते ओरडले. "दुधाचं आहे! सापडलं!" कुत्रा खाजवतोय म्हणून आनंदाने टाळ्या पिटणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लगेच जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

मी फ्यूजला मांडीवर घेतलं. तो पंजाकडे वळला की मी त्याचं तोंड हळूच बाजूला करत होते. आता चार-पाच दिवसांत हे उतरणार होतं, आणि पुन्हा येऊ द्यायचं नाही हे आता आमच्या हातात होतं. पलीकडून सासऱ्यांचा आवाज येत होता. "नाही गं, ती गादी देऊन टाक कोणाला तरी. तो आता कुठे जात नाही. आणि गेला तरी राहायचा नाही. आमच्या सूनबाईशिवाय तो कोणाच्या हातचं खात नाही."